मृदाविरहित शेती : गृहांतर्गत लागवडीसाठी वनस्पतींची निवड

मातीऐवजी खनिज पोषक द्रव्यांच्या विद्रावात वनस्पती वाढविण्याच्या पद्धतीस मृदाविरहित शेती किंवा हायड्रोपॉनिक्स म्हणतात. तत्त्वतः बहुतेक हिरव्या वनस्पती अशा रीतीने वाढविता येतात. परंतु त्यांची निवड त्या त्या काळातील हेतूनुसार बदलत गेलेली आढळते.

जॉन वुडवर्ड (१६६५–१७२८) या इंग्रज निसर्गवैज्ञानिकांनी निरनिराळ्या ठिकाणच्या पाण्यात पुदिना वाढविला व आपले निष्कर्ष १६९९ मध्ये प्रसिद्ध केले. शुद्ध पाण्यापेक्षा मातीचे अंश असलेल्या पाण्यात वाढ अधिक झाली. पुदिन्याच्या फांद्यांना पाण्यात सहज मुळे फुटत असल्याने हे झाड अशा प्रयोगास सोयीचे होते. १८६० च्या सुमारास यूलिउस फोन झाक्स (१८३२–९७) व व्हिल्हेल्म क्नोप (१८१७–९१) या जर्मन शास्त्रज्ञांनी ज्ञात क्षारांच्या विद्रावात मक्यासारखी पिके वाढवून वनस्पतींना कोणती खनिजे अत्यावश्यक असतात, हे दाखवून दिले. येथवर वनस्पती हे केवळ संशोधनाचे साधन होते.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील डब्ल्यू. एफ. गेरिक यांनी १९२९ च्या सुमारास या पद्धतीने व्यापारी पीक घेण्याची कल्पना मांडली. त्यांच्या टोमॅटोच्या वेली सु. ७·५ मी. उंच वाढल्याने लोकांचे कुतूहल जागे झाले. हायड्रोपॉनिक्स ही संज्ञा त्यांनी १९३७ मध्ये प्रचारात आणली. त्याच विद्यापीठातील डेनिस होगलंड व डॅनियल आर्नन यांनी मात्र १९३८ मध्ये असे दाखविले की, विद्रावातील उत्पन्न सुपीक जमिनीतील उत्पन्नाहून मूलतः अधिक नसते. पोषण पुरेसे असल्यास वाढीवर मर्यादा घालणारा प्रमुख घटक प्रकाश हा होय. बंदिस्त जागेतील लागवडीचे मर्म या निष्कर्षात आहे.

अमेरिकेच्या केनेडी अवकाश केंद्रात १९८८ पासून बंदिस्त कक्षात, दिव्यांच्या प्रकाशात गहू, सोयाबीन, बटाटा, टोमॅटो व सालीट ही पिके घेण्यात आली. दीर्घ अवकाशप्रवासात पोटभर अन्न मिळावे, हा हेतू असल्याने येथे धान्य व कंद यांना महत्त्व होते. घरगुती व व्यापारी लागवडीत मात्र सालीट म्हणजे लेट्यूस हेच अग्रेसर ठरले. ते बुटके असते, रोप लावल्यापासून सु. ४ ते ६ आठवड्यांत काढणीस येते, त्यास परागणाची गरज नसते आणि त्याचा जमिनीवरील बहुतेक भाग खाण्यात येतो.

टोमॅटोस याउलट आधार व तीव्र प्रकाश लागतो. वारा नसल्याने परागणासाठी फुलोरा हलवावा लागतो. त्यास सालीटपेक्षा संहत विद्राव लागत असल्याने दोन्ही एकाच टाकीवर लावणे इष्ट नसते. तुळशीच्या वर्गातील बेसिल, पुदिना व कोथिंबीर गृहांतर्गत लागवडीस योग्य असतात. पालकाची मुळे उष्ण विद्रावात कुजण्याचा संभव असतो, तर उष्णतेने सालीटास अकाली तुरा येऊन पाने कडवट होतात. गाजरासारख्या कंदमुळांस नुसत्या विद्रावापेक्षा वाळूसारखे माध्यम मानवते.

गहू दिव्याखाली पिकतो, हे सिद्ध झाले आहे. परंतु शेतात विनामूल्य मिळणारा प्रकाश घरात विजेचे मोल देऊन घ्यावा लागतो. यामुळे अशी बाग ताजी भाजी पुरवू शकते, भाकरी मात्र अद्यापि शेतातूनच येते.