डार्विनांच्या वंशवृक्षातली गाठ

इंग्लंडमधल्या एका घराण्याच्या दोन फांद्या मला नेहमी विचारात पाडतात. चिनी मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेले जोसाया वेजवुड (१७३०-१७९५) यांची लेक सुसाना डार्विनांच्या घरात पडली. तिचा मुलगा म्हणजे शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन. १८३९ मध्ये त्यांनी आपल्याकडच्यासारखी मामाची मुलगीच केली, एमा वेजवुड. दोन फांद्या पुन्हा जुळल्या. त्यांच्या दहा मुलांपैकी तीन लहानपणीच दगावली. नात्यातले लग्न भोवले का, ही शंका डार्विन यांना छळत राहिली. १८७१ च्या जनगणनेत अशा विवाहांची नोंद घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. पार्लमेंटने तो मानला नाही. अखेर त्यांचे पुत्र जॉर्ज यांनी १८७५ मध्ये आकडेवारी जमवून निबंध लिहिला. धोका फार मोठा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. वंशवृक्षाच्या रेघांत मला बापाची ही काळजी दिसते.