कॉफीचा वास, सरकारी नाकं आणि व्होल्टेज

मंडळी, या वीकांताचा विषय कॉफी. प्यायची नव्हे, भाजायची. हिरव्या बिया आणून घरी भाजणं ही आज खास हौशी लोकांची खोड वाटते. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत बहुतेक घरांत कॉफी अशीच, चुलीवर कढई ठेवून भाजली जायची. इथिओपियात तर आजही पाहुण्यांसमोर कोळशावर बिया भाजून कॉफी करतात.

कॉफी भाजली की शेजारच्या चार घरांना कळतं. या साध्या गोष्टीवर एका राजाने चक्क धोरण उभारलं! प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकला परदेशी कॉफीवर पैसा जाणं खुपत होतं. प्रजेने आपली बिअर प्यावी असं त्याचं मत. १७८१ साली त्याने कॉफी भाजणं ही सरकारी मक्तेदारी केली. परवाने मिळाले ते बड्यांना. बाकीचे चोरून भाजतात का, हे पाहायला माजी सैनिक नेमले. ते गल्लीबोळांतून वास घेत हिंडायचे आणि लोक त्यांना 'कॉफी हुंगणारे' म्हणायचे. १७८६त फ्रेडरिक वारला आणि पुढच्याच वर्षी ही मक्तेदारी गेली.

गंमत म्हणजे राजाला जे जमलं नाही, ते एका किराणा व्यापाऱ्याने केलं. पिट्सबर्गच्या जॉन आर्बकलने १८६५च्या सुमारास भाजलेली कॉफी कागदी पिशवीत विकायला काढली. वास टिकावा म्हणून बियांवर अंडं आणि साखरेचा थर. जाहिरातीत काय, तर चुलीपाशी कॉफी करपवून हताश झालेली गृहिणी. म्हणजे, बाई, तुम्हाला हे जमणार नाही! दंड नाही, हुंगणारे नाहीत, तरी कढया हळूहळू चुलीवरून उतरल्या.

घरची भाजणी परत आली ती विजेवर. केमिकल इंजिनिअर मायकेल सिव्हेट्झला १९७६ साली गरम हवेच्या झोतावर बिया उडवत भाजण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. त्याच दशकाच्या अखेरीस गरम हवेवर मके फोडणारी छोटी यंत्रं अमेरिकेत घरोघरी आली, आणि हौशी मंडळींनी त्यांत मक्याऐवजी कॉफी टाकली.

पण इथे एक मोठा बदल झाला. कढईवर भाजणारी बाई हे 'क्लोज्ड लूप' यंत्र होतं. रंग बघायचा, तडतड ऐकायची, आच कमी-जास्त करायची. आपण दाणे भाजताना करतो तेच. मक्याच्या यंत्राला कान नाहीत. त्याची कॉइल ठरावीक रोधाची, आणि शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १२० व्होल्टला १५०० वॅट देणारी कॉइल १०८ व्होल्टला साधारण १२१५ वॅटच देते. व्होल्टेज १० टक्के पडलं, उष्णता १९ टक्के! लांब, बारीक वायरचं एक्स्टेन्शन लावलं तर त्यातही थोडं व्होल्टेज गळतं.

वर हवामान. यंत्र भोवतालचीच हवा ओढून तापवतं. हवा ३५ अंशांऐवजी १० अंशांची असेल, तर बियांपर्यंत पोचणारा झोतही ढोबळमानाने तेवढाच थंड. बियांचा पहिला तडका साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास येतो. तिथे पोचायला फार वेळ लागला तर कॉफी भाजली न जाता नुसती शेकली जाते. चव सपाट, ना आंबटपणा ना गोडवा.

आपल्याकडे हे गणित अजून मजेदार. १९५६च्या भारतीय वीज नियमांत घरगुती पुरवठ्याला ६ टक्के वर-खाली मुभा होती. वर्ग करून बघा: कायद्यात राहूनही उष्णता साधारण १२ टक्के वर किंवा खाली. संध्याकाळी सोसायटीतले सगळे गीझर आणि एसी लागले की तुमच्या भाजणीची कृती शेजारी ठरवणार :-)

यावर हौशी लोकांनी काढलेला उपाय इंजिनिअरिंगच्या मशीन लॅबमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलाय: व्हेरिअ‍ॅक. व्होल्टमीटर बघत, तडतड ऐकत नॉब फिरवायचा. म्हणजे एवढी वीज, पेटंटं आणि कॉइली होऊन माणूस परत तिथेच आला, हातात आच आणि कान बियांकडे. मला यात हार दिसत नाही. आर्बकलच्या जाहिरातीने जे 'जमणार नाही' म्हणून काढून घेतलं होतं, ते हेच.

असो. तुम्ही भाजणार असाल तर घड्याळावर विसंबू नका, आधी प्लगपाशी व्होल्टेज मोजा. आणि खिडकी उघडी ठेवा. हुंगणारे आता फक्त शेजारीच आहेत, त्यांना एक कप द्या म्हणजे झालं.