माप कोणाचे, निवड कोणाची? : घरपोच कपड्यांचा दीडशे वर्षांचा इतिहास

१. प्रस्तावना

अमेरिकेतील एका ग्राहक स्त्रीच्या दारात एक खोका येतो. त्यात पाच कपडे आहेत. ते तिने मागवले आहेत, पण निवडलेले नाहीत. काही दिवसांपूर्वी तिने संगणकावर एक लांबलचक प्रश्नावली भरली होती. उंची किती, वजन किती, खांदे रुंद की अरुंद, कोणते रंग नकोत, एका कपड्यावर किती खर्च करण्याची तयारी आहे, कपडे कामावर घालायचे की समारंभात, असे प्रश्न तिला विचारले होते. त्या उत्तरांवरून तिने कधी न पाहिलेल्या कोणीतरी हे पाच कपडे निवडले आहेत. तिच्या हाताशी तीन दिवस आहेत. घरच्या आरशासमोर घालून पाहायचे, पटेल ते ठेवायचे आणि उरलेले सोबत आलेल्या पाकिटात घालून परत पाठवायचे. निवड करून देण्याचे २० डॉलर आधीच घेतलेले असतात. एखादा कपडा ठेवला तर ते त्याच्या किमतीतून वजा होतात. पाचही ठेवले तर २५ टक्के सवलत मिळते.

‘स्टिच फिक्स’ या कंपनीने २०११ मध्ये सुरू केलेल्या सेवेची ही मूळ पद्धत आहे. वरवर पाहता ती इंटरनेटच्या युगातील नवी कल्पना वाटते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र एक साधा प्रश्न विचारायला हवा. शिंप्यासमोर उभे राहून माप देणारा, कापड बोटांनी चुरगाळून पाहणारा माणूस, न पाहता आणि न घालता कपडा विकत घ्यायला तयार कसा झाला? त्यासाठी तीन अडचणी दूर व्हाव्या लागल्या : अंतराची, मापाची आणि निवडीची. या पाठात आपण त्या याच क्रमाने पाहणार आहोत. प्रत्येक टप्प्यावर कोणाची सोय झाली आणि कोण बाहेर राहिले, याकडेही लक्ष देणार आहोत.

२. अंतराची अडचण : शिकागोचा कॅटलॉग

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बहुसंख्य लोक खेड्यांत आणि शेतवाड्यांवर राहत होते. जवळच्या गावात एखादे किराणा दुकान असे. तेथे माल मोजका आणि भाव दुकानदार सांगेल तो. १८७२ मध्ये शिकागो येथे ॲरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी १६३ वस्तूंची एकपानी यादी छापली आणि ती शेतकऱ्यांना टपालाने पाठवली. त्यामागचा हिशेब सोपा होता. मधले व्यापारी वगळले आणि रोखीने विक्री केली, तर माल स्वस्त देता येतो. पण न पाहिलेल्या व्यापाऱ्याला शेतकऱ्याने आधी पैसे का पाठवावेत? यावर वॉर्ड यांनी १८७५ पासून उत्तर दिले : माल पसंत नसेल तर पैसे परत. आज ही हमी सामान्य वाटते. त्या काळी तिने न पाहता खरेदी करण्यातला धोका ग्राहकाकडून विक्रेत्याकडे सरकवला. आजच्या खोक्यातील परतीचे पाकीट याच हमीचे वंशज आहे.

वॉर्ड यांच्या मागोमाग ‘सीअर्स, रोबक अँड कंपनी’ आली. १८९५ पर्यंत तिचा कॅटलॉग पाचशेहून अधिक पानांचा झाला होता. त्याच वर्षी ज्यूलियस रोझेनवाल्ड कंपनीत आले. ते मूळचे कपड्यांच्याच धंद्यातले असल्याने कॅटलॉगमध्ये कपड्यांना भरघोस जागा मिळाली. पुरुषांच्या सुटांसाठी घरच्या घरी छाती, कंबर आणि पायाची लांबी कशी मोजावी, याच्या सूचना छापल्या जात. म्हणजे शिंप्याचे काम ग्राहकाने स्वतःच करायचे आणि मापे पत्राने कळवायची. प्रश्नावली भरून पाठवण्याची रीत ती हीच.

या व्यापारात सरकारी टपालाचा वाटा मोठा होता. १८९६ मध्ये ग्रामीण भागात घरोघरी मोफत टपाल पोहोचवण्याचा प्रयोग सुरू झाला आणि १९१३ मध्ये पार्सल टपालसेवा आली. कॅटलॉग आणि माल दोन्ही शेतकऱ्याच्या दाराशी पोहोचू लागले. खाजगी कंपन्यांचा हा विस्तार सार्वजनिक खर्चाने उभारलेल्या व्यवस्थेवर झाला, ही गोष्ट पुढच्या काळातील इंटरनेटबाबतही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

३. दुकानातील अपमान आणि टपालाचा आडोसा

कॅटलॉगचा एक परिणाम त्याच्या मालकांनी योजलेला नव्हता. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत तेव्हा वर्णभेदाचे कायदे घट्ट होत होते. १८९६ च्या ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ निकालाने वेगळेपणाला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली. कृष्णवर्णीय ग्राहकाला दुकानात गोऱ्या गिऱ्हाइकांची खरेदी आटोपेपर्यंत थांबावे लागे. अनेक ठिकाणी त्याला कपडे किंवा टोपी घालून पाहू देत नसत, कारण त्याने अंगाला लावलेला कपडा गोरा ग्राहक घेणार नाही असे दुकानदार मानत. उधारीमुळे काय घ्यायचे हेही बऱ्याचदा दुकानदारच ठरवत असे.

कॅटलॉगला मात्र ग्राहकाचा रंग दिसत नव्हता. पत्र आणि पैसे पाठवले की गोऱ्याला जो माल, जो भाव, तोच कृष्णवर्णीयालाही मिळे. घालून पाहण्याची मुभा दुकानात ज्यांना नव्हती, त्यांना ती स्वतःच्या घरात मिळाली. घरपोच खरेदीकडे आपण एरवी केवळ सोय म्हणून पाहतो. या ग्राहकांसाठी ती प्रतिष्ठेची बाब होती.

४. मापाची अडचण : ‘सरासरी स्त्री’ कोण?

तयार कपड्यांसाठी ठरावीक मापे लागतात. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात सैनिकांसाठी गणवेश मोठ्या संख्येने शिवावे लागले. त्यातून पुरुषांच्या शरीरमापांचे तक्ते तयार झाले आणि पुढे नागरी कपड्यांसाठीही त्यांचा उपयोग झाला. स्त्रियांच्या कपड्यांसाठी असा आधार नव्हता. ते दीर्घकाळ घरी किंवा शिवणकाम करणाऱ्या बाईकडेच शिवले जात. बाजारात तयार मिळत ते मुख्यतः सैलसर झगे आणि अंगरखे, कारण ते थोडेफार मागेपुढे झाले तरी चालून जात. विसाव्या शतकात तयार पोशाख वाढले तसे कपडे न बसण्याचे प्रमाण वाढले आणि परत येणाऱ्या मालाचा बोजा विक्रेत्यांवर पडू लागला.

१९३९ ते १९४० या काळात अमेरिकेच्या कृषी विभागाने रूथ ओ’ब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्या अभ्यासातून जवळपास १५ हजार स्त्रियांची मापे घेतली. प्रत्येकीची ५९ मापे घेण्यात आली. त्याचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे टपालाने माल विकणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने राष्ट्रीय मानक संस्थेकडे प्रमाणित मापांसाठी आग्रह धरला. त्यातून १९५८ मध्ये स्त्रियांच्या कपड्यांचे व्यापारी मानक तयार झाले. दुरून कपडे विकणाऱ्यांनाच मापांच्या एकवाक्यतेची सर्वाधिक गरज होती, हे यावरून दिसते.

पण या पाहणीत एक मोठी त्रुटी होती. हिशेबात फक्त गोऱ्या स्त्रियांची मापे धरण्यात आली. काही ठिकाणी गटात सलोखा राहावा म्हणून इतर स्त्रियांचीही मापे घेतली गेली, पण ती अंतिम गणनेतून वगळण्यात आली. येथे इतिहासातील एक विसंगती उघड होते. ज्या टपाल-व्यापाराने कृष्णवर्णीय ग्राहकांना दुकानातील अपमानातून वाट काढून दिली, त्याच व्यापाराच्या गरजेतून आलेल्या मानकाच्या मुळाशी असलेल्या आकडेवारीत त्या समाजातील स्त्रियांच्या शरीराची नोंद नव्हती. कॅटलॉगला रंग दिसत नव्हता, मापाच्या फितीला मात्र तो दिसत होता.

हे मानकही टिकले नाही. ते ऐच्छिक होते. ग्राहकाला बरे वाटावे म्हणून उत्पादक मोठ्या मापाच्या कपड्यावर लहान आकडा लावू लागले. अखेर १९८३ मध्ये सरकारने मानक मागे घेतले. आज एका कंपनीचा ‘८’ दुसऱ्या कंपनीच्या ‘८’शी जुळेलच असे नाही. घरी घालून पाहण्याची गरज एकविसाव्या शतकातही का उरली, याचे हे एक कारण आहे.

५. निवडीची अडचण : दुसऱ्याच्या पसंतीवर विश्वास

निवड दुसऱ्यावर सोपवण्याची सवय प्रथम पुस्तकांच्या व्यापाराने लावली. १९२६ मध्ये हॅरी शेरमन यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ सुरू केला. जाणकारांचे मंडळ दरमहा एक पुस्तक निवडे आणि ते सभासदांकडे टपालाने जाई. वर्गणी, तज्ज्ञाची निवड आणि नकाराचा हक्क ही तीन सूत्रे येथे एकत्र आली.

कपड्यांच्या बाबतीत अशी सेवा दीर्घकाळ श्रीमंतांपुरती होती. न्यूयॉर्कच्या बर्गडॉर्फ गुडमन या उंची दुकानात बेटी हॉलब्राइक यांनी १९७६ पासून ग्राहकांसाठी व्यक्तिगत खरेदीची सेवा चालवली. ग्राहकाशी बोलून, तिचा स्वभाव आणि गरज ओळखून त्या कपडे सुचवत. अशी सल्लागार फार थोड्यांना परवडणारी होती.

कॅटरिना लेक यांनी हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना स्टिच फिक्स सुरू केली, ती हीच सेवा मध्यमवर्गापर्यंत नेण्याच्या विचाराने. २०१२ मध्ये नेटफ्लिक्समधून आलेल्या एरिक कोल्सन यांनी आकडेवारीचा विभाग उभारला. ग्राहकाची उत्तरे आणि आधीच्या पसंती-नापसंती यांवरून संगणक कपडे सुचवे. मग एखादी सल्लागार त्यांतून पाच निवडून सोबत चिठ्ठी लिही. या सल्लागारांपैकी बऱ्याच जणी घरून, काही तासांपुरते काम करत. परत आलेल्या कपड्याबरोबर ‘कंबरेत घट्ट’, ‘महाग’, ‘रंग आवडला नाही’ असा शेराही येई. वॉर्ड यांच्या काळी परत आलेला माल म्हणजे निव्वळ तोटा होता. येथे तो माहिती देऊन जाऊ लागला. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले तेव्हा लेक ३४ वर्षांच्या होत्या.

पुढचा प्रवास इतका सरळ झाला नाही. जून २०२० मध्ये कंपनीने कॅलिफोर्नियातील सुमारे १,४०० सल्लागारांना कामावरून कमी करण्याचा आणि कमी खर्चाच्या शहरांत नवी भरती करण्याचा निर्णय जाहीर केला. २०२१ मध्ये सक्रिय ग्राहक ४० लाखांहून अधिक होते, ते २०२४ पर्यंत सुमारे २५ लाखांवर आले. याच प्रकारची, २००९ मध्ये सुरू झालेली ‘ट्रंक क्लब’ ही सेवा नॉर्डस्ट्रॉम या दुकानसमूहाने २०१४ मध्ये विकत घेतली होती. ती २०२२ मध्ये बंद झाली. आपल्या आवडीचा अंदाज दुसऱ्याने बांधावा असे लोकांना वाटते, पण किती काळ आणि किती किमतीला, याला मर्यादा आहेत.

६. भारताच्या संदर्भात

भारतात अंतराची अडचण टपालखात्याने वेगळ्या रीतीने सोडवली. १८७७ मध्ये मूल्यदेय टपाल, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले ‘व्ही. पी.’, सुरू झाले. पार्सल हाती पडल्यावर पोस्टमनला पैसे द्यायचे, ही पद्धत पुढे ऑनलाइन व्यापारात माल मिळाल्यावर रोख देण्याच्या रूपाने पुन्हा आली.

मापाचा प्रश्न येथे बराच काळ तितका तीव्र नव्हता. साडी, धोतर, लुंगी ही न शिवलेली वस्त्रे नेसणाऱ्याच्या अंगाप्रमाणे बसतात आणि पोलके किंवा सदरा शिवायला गल्लीत शिंपी असतोच. तयार कपडे वाढल्यावर मात्र परदेशी मापांवर बेतलेले तक्ते भारतीय शरीरांना नीट बसेनात. म्हणून वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळाने राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प हाती घेतला. कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरू आणि शिलाँग या सहा शहरांत १५ ते 65 वर्षे वयाच्या २५ हजारांहून अधिक लोकांची मापे त्रिमितीय यंत्राने घेण्याचे ठरले. ईशान्येपासून दक्षिणेपर्यंतची शहरे निवडण्यामागील विचार १९३९ च्या पाहणीशेजारी ठेवला म्हणजे त्याचे महत्त्व कळते. पण मापे शहरांत घेतली जातात तेव्हा खेड्यांतील कष्टकऱ्यांची शरीरे त्यात किती येतात, हा प्रश्न येथेही विचारायलाच हवा.

७. समारोप

अंतर टपालाने कापले, माप तक्त्याने ठरवले आणि निवड आधी जाणकाराने, मग संगणकाने केली. प्रत्येक टप्प्यावर सोय वाढली आणि त्याबरोबर ग्राहकाने आपल्याविषयीची थोडी अधिक माहिती परक्याच्या हाती दिली. शिंप्याच्या वहीत आपली मापे असत, पण ती त्याच्या दुकानाबाहेर जात नसत. आज उंची, वजन, खर्चाची ऐपत आणि आवडनिवड यांची नोंद कंपनीकडे साठते. त्या नोंदींवरून ‘सर्वसाधारण’ ग्राहक कसा असतो हे ठरते आणि तसे कपडे बनतात. १९४१ च्या अहवालाने शिकवलेला धडा येथेही लागू पडतो : जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी कपडा शिवला जात नाही.

स्वाध्याय

१. ‘पसंत नसेल तर पैसे परत’ या हमीने ग्राहक व विक्रेता यांच्या संबंधांत कोणता बदल झाला?
२. कॅटलॉग-व्यापार आणि वर्णभेद यांचा संबंध दोन्ही बाजूंनी स्पष्ट करा.
३. आपल्या घरातील तीन पिढ्यांनी कपडे कसे मिळवले (शिंपी, तयार दुकान, व्ही. पी., ऑनलाइन) याची माहिती विचारून घ्या. माप कोणी घेतले आणि निवड कोणी केली, याची नोंद करून एक टिपण लिहा.