आकाशातील खाणी आणि रामटेकचा काळा दगड

सुवर्णाच्या शोधात मनुष्याच्या कल्पनेने पृथ्वी पालथी घातली, सागराचा तळ धुंडाळला आणि अखेरीस तिची दृष्टी आकाशाकडे वळली. इटालियन ज्योतिषी पियाझी याने 1801 साली सेरेस हा पहिला लघुग्रह पाहिला. त्यानंतर शंभर वर्षे पुरी होण्यापूर्वीच कथाकारांनी असल्या गोलांवर खाणीही खोदल्या! गॅरेट सर्व्हिस या अमेरिकन लेखकाने 1898 सालच्या आपल्या कादंबरीत मंगळवासी एका लघुग्रहावरून सोने काढीत असल्याचे वर्णन केले आहे. ज्यूल व्हर्न याच्या मृत्यूनंतर 1908 साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत तर सोन्याची अख्खी उल्काच पृथ्वीभोवती फिरू लागते. ती कोणाची यावरून तंटे माजतात, सोने मातीमोल होणार या भीतीने सोन्याच्या खाणींचे भाग कोसळतात, आणि शेवटी ती उल्का समुद्रात बुडते.

व्हर्नचा हा विनोद आम्हांस पुढील पुष्कळ गंभीर कथांहून अधिक शहाणा वाटतो. अमुक गोलात लोह किती, निकेल किती, प्लॅटिनम किती, याचा अंदाज बांधणे त्या मानाने सोपे. ते धन कोणाचे, आणि त्याची किंमत कोण ठरविणार, हे प्रश्न खरे बिकट होत. त्यांचा विचार करण्यास नागपूरकरांनी आकाशाकडेच पाहिले पाहिजे असे नाही. रामटेककडे पाहिले तरी पुरे.

रामटेक हाच कालिदासाचा रामगिरी, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. मेघास निरोप सांगणारा तो यक्ष कुबेराचा सेवक. धनपतीच्या सेवकाने आकाशाकडे टक लावावी आणि धन मात्र जवळच भूमीत पडून असावे, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे! कारण या टेकडीजवळच्या मनसर व कांद्री या गावांच्या परिसरात जो काळा, जड दगड सापडतो, ते मँगनीजचे खनिज होय. पोलाद कणखर करण्यास मँगनीज लागते. 1856 साली बेसेमरची पद्धत निघाल्यावर युरोपात पोलाद विपुल होऊ लागले आणि या दगडास मोल आले. दगड पूर्वीचाच होता. नवी होती ती दूरच्या भट्टीची गरज.

1896 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही इंग्रज मंडळी स्थापन झाली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूर, भंडारा, बालाघाट या जिल्ह्यांतून मँगनीज बाहेर पडू लागले. 1905 साली रशियातील क्रांतीच्या धामधुमीत कॉकेशसच्या खाणींचा पुरवठा विस्कळीत होताच आमच्या मालाचा भाव चढला. पुढे दोन-तीन वर्षांतच तो उतरलाही. तो चढविण्यात अगर उतरविण्यात या प्रांताचा हात नव्हता. माल बहुतांशी कच्च्याच स्थितीत परदेशी जाई. 1933 साली विशाखापट्टणमचे बंदर खुले झाले, त्यामागेही मध्यप्रांताच्या मँगनीजला समुद्राची जवळची वाट मिळावी हा एक प्रमुख हेतू होता. भूगर्भशास्त्रज्ञ फर्मोर याने 1909 साली या खनिजावर प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ज्या खडकात ते सापडते त्यास गोंडांच्या नावावरून ‘गोंडाइट’ म्हटले. शास्त्रात गोंडांचे नाव अमर झाले खरे. परंतु नफ्याच्या वहीत येथील मजुरांची नोंद रोजमुऱ्यापुरतीच राहिली.

या खाणी देशाच्या मालकीच्या होण्यास किती काळ लागला? 1962 साली नव्या मँगनीज कंपनीत केंद्र व राज्य सरकारांनी मिळून 51 टक्के भाग घेतले, आणि उरलेले इंग्रज कंपनीचे भाग 1977 साली सरकारकडे आले. आरंभापासून मोजता ही 81 वर्षे झाली.

आता पुन्हा आकाशाकडे वळू. 2016 साली निघालेले अमेरिकेचे ओसायरिस-रेक्स यान 2023 साली बेन्नू या लघुग्रहावरील 121.6 ग्रॅम माती घेऊन परतले. त्या मोहिमेस एक अब्ज डॉलरांहून अधिक खर्च आला. अर्थात कथेतील खाण अद्याप दूर आहे. परंतु तिचे कायदे मात्र तिच्या आधी जन्मास आले आहेत. 1967 च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये कोणत्याही राष्ट्रास आकाशस्थ गोलावर स्वामित्व सांगता येत नाही. तथापि गोल कोणाचाच नसला तरी त्यातून काढलेला माल काढणाराचा, असा कायदा अमेरिकेने 2015 साली आणि लक्झेंबर्गने 2017 साली केला. 2023 साली भारताने ज्या आर्टेमिस करारावर सही केली, त्यातही खनिज काढणे म्हणजे आपोआप स्वामित्व सांगणे नव्हे, असेच म्हटले आहे. तात्पर्य, ज्याच्यापाशी खणण्याचे साधन, त्याचे धन. हा न्याय नागपूरला नवा नाही.

आमच्या कथाकारांनी लघुग्रहावरील खाणी अवश्य रंगवाव्यात. मात्र तेथे राबणारा मजूर, माल वाहणारी वाट आणि दूर बसून भाव ठरविणारी पेढी यांस त्यांनी विसरू नये. आणि आकाशाच्या वाटणीचे नियम ज्या सभांतून लिहिले जातील, तेथे जाणाऱ्या आमच्या प्रतिनिधींनी निघण्यापूर्वी मनसरच्या खाणीचा इतिहास एकवार वाचावा, एवढीच आमची सूचना आहे.