शाळेबाहेरच्या वेळेतील मुलांचा सांभाळ : भिवंडी

शाळा भरण्यापूर्वी, सुटल्यानंतर आणि सुट्ट्यांत साधारण सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना कोणाच्या तरी नजरेखाली ठेवण्याची व्यवस्था. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागांच्या शहरात (2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे सात लाख) हे काम कोणा एका खात्याचे किंवा संस्थेचे नाही. घर, शेजार, शिकवणी आणि मकतब (कुराणपठणाचा वर्ग) मिळून ते निभावतात.

अडचण मुळात तासांची आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस व 800 तास, तर सहावी ते आठवीसाठी 220 दिवस व 1,000 तास अध्यापन ठरवून दिले. मागावरची पाळी बहुधा बारा तासांची. आठवड्याचे सहा दिवस धरले तर वर्षाचे साडेतीन हजारांहून अधिक तास होतात. लहान वर्गांची शाळा त्यातला चौथा हिस्साही व्यापत नाही. त्यात माग परंपरेने शुक्रवारी बंद, तर मराठी शाळांची सुट्टी रविवारी, त्यामुळे बापाची सुट्टी आणि पोरांची सुट्टी एका दिवशी येत नाही. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसभर घरात असतो खरा, पण झोपलेला. एका खोलीच्या संसारात त्याची झोप मोडू नये म्हणून मुलांनाच बाहेर पिटाळले जाते. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा आदेश काढला. मुलांच्या झोपेच्या दृष्टीने तो रास्तच आहे, मात्र आठच्या पाळीला निघणाऱ्या आईपुढे त्याने सकाळचा एक नवा तास उभा केला.

कायद्याची नजर सहाव्या वर्षाशी थांबते. 1948 च्या कारखाने अधिनियमात तीसहून अधिक स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्याला पाळणाघर सक्तीचे होते, तेही सहा वर्षांखालील मुलांसाठी. 1975 साली सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजे अंगणवाडी, सहा वर्षांपर्यंतच. 2020 च्या कामगार संहितांनीही पाळणाघराला तीच वयोमर्यादा ठेवली. सहाव्या वर्षानंतर मूल शाळेचे, असे यामागे गृहीत धरलेले दिसते. शाळा दुपारी सुटते याचा विचार त्यात नाही. भिवंडीतले बहुतेक माग मोजक्या कामगारांच्या छोट्या शेडमध्ये चालत आले असल्याने पाळणाघराची तरतूद इथे लहानग्यांच्याही फारशी वाट्याला आली नाही.

प्रत्यक्षात सांभाळ होतो तो चार मार्गांनी. पहिली थोरली बहीण. आठ-दहा वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन पाणी भरते, भात चढवते. तिची शाळा बुडण्याचे हे एक जुने कारण. दुसरी शेजारीण, विशेषतः घरी बसून कांड्या भरणारी किंवा धागे कापणारी बाई, जिच्या उंबऱ्यावर चार घरची पोरे असतात. तिसरा मकतब. मुस्लिम वस्त्यांत शाळेच्या आधी किंवा नंतर मुले कुराणपठणाला जातात आणि तेवढा वेळ पालक निर्धास्त असतात. चौथी, आणि आज बहुधा सर्वांत पसरलेली, शिकवणी. दुसरी-तिसरीतल्या मुलाला रोज दोन तास शिकवण्याइतका अभ्यास नसतो. तरीही गल्लीतली कॉलेजात जाणारी मुलगी दहा-पंधरा मुले एका खोलीत बसवते आणि आया तिला आनंदाने पैसे देतात, कारण तेवढा वेळ मूल रस्त्यावर, ट्रक-टेम्पोंच्या मध्ये नसते. शहरातील सांभाळाचा हिशेब करताना शिकवणी वगळली तर तो हिशेब चुकेल.

याशिवाय एक मार्ग आहे ज्याला सांभाळ म्हणू नये : मूल मागावरच नेणे. 1986 च्या बालकामगार कायद्याच्या परिशिष्टात हातमाग-यंत्रमाग उद्योग मुलांसाठी निषिद्ध होता. 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच कामांत बंदी केली, पण शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत, धोकादायक नसलेल्या घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा ठेवली. म्हणजे ज्या वेळेत मुलाकडे पाहायला कोणी नसते, नेमकी तीच वेळ कायद्याने मोकळी सोडली. संकटात वा एकट्या सापडलेल्या मुलासाठी 1996 साली मुंबईत सुरू झालेली 1098 ही दूरध्वनी सेवा इथेही लागू आहे.

मे महिन्याची गोष्ट वेगळी. उत्तर प्रदेश, बिहारची कुटुंबे गावी जातात, पद्मानगर भागातले तेलुगू विणकर तेलंगणाकडे, मराठी मुले आजोळी. गाडीभाडे ज्यांना झेपत नाही किंवा ज्यांचे गावच सुटले आहे, त्यांची मुले गल्लीत उरतात. शाळेबरोबर दुपारची खिचडीही बंद होते. दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही शालेय आहार द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 20 एप्रिल 2004 रोजी सांगितले होते, पण भुकेला दुष्काळी तालुक्याची अट नसते.

धाकट्यांना सांभाळताना मोठ्या मुलांची शाळा बुडते, या प्रश्नाला जुन्या ठाणे जिल्ह्यातच नामी उत्तर सापडले होते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवली, म्हणजे धाकटे भावंड सांभाळणाऱ्या मुलीला त्याला घेऊनच शाळेत येता यावे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणावर नेली. पुढे 1990 च्या दशकात विधायक संसद या संस्थेने जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. दिवाळीनंतर भट्टीवर आलेल्या आदिवासी कुटुंबांची मुले पावसाळ्यापर्यंत तिथेच असत.

आज भिवंडीलगतच्या काल्हेर-कशेळीच्या नव्या इमारतींत पैसे मोजून डे-केअर आणि उन्हाळी शिबिरे मिळतात. माणकोली, पूर्णा, वळ, दापोड्याच्या गोदामांत माल निवडण्या-बांधण्याच्या कामावर स्त्रिया आहेत. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार पन्नास वा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक आहे. मात्र माणसे वेगवेगळ्या कंत्राटदारांच्या पटावर असली की पन्नासचा आकडा कोणी कसा मोजायचा, हा वादाचा मुद्दा होतो.