मध: पाहुण्याला पहिला, बाळाला नंतर

आजीच्या हातचा, मध घातलेला एखादा पदार्थ आठवून बघा. पंचामृत सोडून. सितोपलादीचं चाटण सोडून. बहुतेकांची गाडी इथेच अडते. पुरणात गूळ, श्रीखंडात साखर, आमटीत गुळाचा खडा, आणि मध एक तर देवघरात नाही तर औषधांच्या फळीवर. इकडे मँचेस्टरच्या सुपरमार्केटमध्ये बघावं तर हॅमला मध, भाजलेल्या गाजरांवर मध, केकमध्ये मध. मग आपल्या स्वयंपाकघरात तो का नाही शिरला?

एक उत्तर लगेच मिळतं: चरकसंहिता. मध तापवू नये, उष्णतेने पीडलेल्याने तो घेऊ नये, असं आयुर्वेद बजावून सांगतो. पण नुसत्या ग्रंथाने सगळ्या घरांच्या चुली चालत नाहीत. माझ्या मते खरं कारण पुरवठ्यात आहे. ऊस शेतात पिकायचा, गुळाची ढेप वर्षभर पुरायची. मध मात्र जंगलातला. कातकरी, महादेव कोळी असे लोक कड्यावरचं किंवा उंच झाडावरचं आग्या मोहोळ रात्री धूर करून काढायचे आणि पोळं पिळून मध आणायचे. तो थोडा असायचा आणि जिवावर उदार होऊन मिळवलेला असायचा. अशी वस्तू रोजच्या भाजीत कोण घालेल? ती पाहुण्यासाठी राखायची.

आणि पाहुणचारात मधाला खरोखर मोठा मान होता. मधुपर्क हा शब्द तुम्ही एखाद्या लग्नात ऐकला असेल. नवरदेव मांडवात आला की वधूपिता त्याला मधुपर्क देतो. मूळ कल्पना लग्नाची नाहीच, ती अतिथीची आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात घरी आलेला ऋत्विज, स्नातक, राजा, आचार्य, सासरा, काका, मामा यांना दह्यात मध कालवून द्यायला सांगितलंय. मध नसेल तर तूप चालेल. (त्याच सूत्रात मांसाशिवाय मधुपर्क होत नाही असंही म्हटलंय. ‘आपली शुद्ध शाकाहारी परंपरा’ असं कुणी सुनावलं तर हे ध्यानात असू द्या. पुढे मांस गळालं, दही-मध राहिलं. परंपरा अशाच टिकतात, काहीतरी गाळून.)

गाळायचीच वेळ आणखी एका ठिकाणी आली आहे, आणि इथे जरा गंभीर होते. जातकर्म संस्कारात नवजात बाळाला सोन्याने मध-तूप चाटवतात. घरात आलेला पहिला छोटा पाहुणा, त्याचंही स्वागत मधानेच. ‘मधाचं बोट’ आपल्या भाषेत आज फसव्या आमिषासाठी वापरतात, पण बाळाच्या जिभेवर ते प्रेमानेच लावलं जातं. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात तान्ह्या बाळांना होणारा बॉट्युलिझम पहिल्यांदा ओळखला गेला, आणि त्यानंतर काही वर्षांतच मधाशी त्याचा संबंध जोडला गेला. मधात क्वचित या जंतूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यांत ते रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या रुजू शकतात, आणि त्यातून येणारा लुळेपणा श्वासापर्यंत जाऊ शकतो. मध शुद्ध आहे, घरचा आहे, उकळून घेतलाय, यातल्या कशानेच धोका टळत नाही. म्हणून एनएचएस एक वर्षापर्यंत मध देऊच नका असं सांगतं. बाळाला बघायला पुण्याहून आई किंवा सासूबाई येणार असतील तर हे त्यांच्याशी बारशाच्या आधीच, शांतपणे बोलून घ्या. ‘हे इंग्रजांचं खूळ’ असं ऐकावं लागेल. तरी ऐकू नका.

बारशाला आलेल्या पाहुण्यांना मात्र भरपूर मध द्या. कुठला? मँचेस्टर तर मधमाशीचंच शहर. १८४२ मध्ये मिळालेल्या नगरचिन्हात पृथ्वीच्या गोलावर माश्या बसलेल्या आहेत. टाउन हॉलच्या फरशीवरही माश्या आणि रस्त्यातल्या कचरापेट्यांवरही. गिरण्यांमधल्या कष्टाची ती खूण. (त्या गिरण्यांत आपल्याकडचा कापूसही गेला, पण त्यावर वेगळा भाग करावा लागेल.) कॅथेड्रलच्या छपरावर तर खऱ्या पेट्या आहेत.

शहराबाहेरच्या माळांवर ऑगस्टमध्ये जांभळं हेदर फुलतं. त्याचा मध जेलीसारखा घट्ट, किंचित कडवट. तो इतका वेगळा की ब्रिटिश नियमांत इतर मधाला पाण्याची मर्यादा २० टक्के आणि हेदरला २३ टक्के. आता गंमत बघा. भारतीय अन्नमानकांतही एका फुलाला अशीच खास ओळ आहे: कार्व्हिया कॅलोसा, म्हणजे सह्याद्रीतली आपली कारवी. साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते. इतर मधात सुक्रोज ५ टक्क्यांपर्यंत चालतं, कारवीच्या मधात १० पर्यंत. महाबळेश्वरच्या सातेरी माश्या जांभूळ, हिरडा, गेळा यांच्यावर जगतात, आणि कारवीचं वर्ष आलं की मधाची चवच बदलते. त्याच तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. जंगलात जीव टांगून आणायची वस्तू तिथे अंगणातल्या पेटीत आली आहे.

दोन्हीकडच्या बाटल्या मिळाल्या तर पाहुण्यांना शेजारी शेजारी ठेवून चाखायला द्या. हेदरचा मध ज्वारीच्या गरम भाकरीवर लोण्याबरोबर झकास लागतो. महाबळेश्वरचा पातळ मध टांगलेल्या दह्यात शेवटी कालवा, हाच झाला मधुपर्क. ओव्हनमध्ये घालणार असाल तर आच थोडी कमी ठेवा, कारण मध साखरेच्या आधी करपतो. आणि बाटलीत दाणे धरले म्हणून ‘साखर मिसळलीये’ असं समजून फेकू नका. त्यातलं ग्लुकोज थंडीत गोठतं, आणि मँचेस्टरमध्ये ते गोठणारच. कोमट पाण्यात बाटली उभी करून ठेवा, पाहुणे येईपर्यंत सुटेल.