कोंडिविट्याचा सण

मुंबईतल्या सीप्झ उद्योगवसाहतीच्या गेटवर पास दाखवून आत आलात? आता चपला काढून हातात घ्या. काचेच्या इमारती, बसगाड्या, कँटीनचा वास, सगळं मागे टाकून तुम्ही अडीचशे-तीनशे पावसाळे मागे चाललाय आणि पुढची वाट घोटाभर चिखलाची आहे.

आर्द्रा लागल्यात. राबातली रोपं वीतभर झालीत, बेडकांनी कान किटवलेत. महाकालीच्या डोंगराकडून सर आली की लोक इरली सावरत पळतात, तुम्हीही पळा. आज 24 जून, सेंट जॉन बाप्तिस्ताचा सण. घरं ओस पडलीत, सगळं कोंडिविटे गाव देवळाकडे निघालंय. हो, देवळाकडे. घंटा वाजली की इथली म्हातारी चर्चला असंच म्हणते.

समोर बुरूज, चुन्यात बांधलेल्या दगडी भिंती, कमानीचा दरवाजा. भिंतीला हात लावून बघा. बाहेरून ओली, आत पाऊल टाकलंत की गार. पण गारवा दोन मिनिटांचा! माणसांवर माणसं दाटलीत. भिजल्या लुगड्यांची वाफ, खोबरेल तेल, मेण, धूप आणि कुणाच्या तरी ओच्यातल्या सुक्या बोंबलांचा वास, सगळं एकदम नाकात शिरतं. बाकं शोधू नका, फरशीवर बसा, गुडघे आवळून. पाद्री लॅटिनमध्ये मंत्र म्हणतोय. एक शब्द कळत नाही. पण शेजारच्या बायका कुजबुजतात ती मराठीच: कुणाचा बैल आजारी, कुणाची सून माहेरी, पाऊस असाच राहिला तर लावणी कधी. 1579 मध्ये हे देऊळ बांधलं गेलं, त्याच वर्षी थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री गोव्यात उतरला; पुढे त्यानं मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ही कुजबूज ऐकताना मला तो फार जवळचा वाटतो.

पुढे सरका, बाप्तिस्मा चाललाय. पाद्री बाळाच्या जिभेवर मिठाचा कण ठेवतो. बाळाचं तोंड आक्रसतं, ओठ थरथरतात. डोक्यावर गार पाणी पडताच ते असं किंचाळतं की कौलांवरचा पाऊसही क्षणभर ऐकू येत नाही. आजी खूश. जितका मोठा टाहो तितकं पोर दणकट, असं तिचं ठाम मत आहे.

बाहेर घुमट वाजायला लागलंय. ताडीनं आंबवलेल्या पिठाचे फुगे कढईत टम्म फुगतायत. एक घ्या, बोटं भाजली तरी घ्या.

खाऊन झालं? मग थोडं पुढे सरकू, 1840 कडे. गावात साथ शिरलीय. अंगणं रिकामी, लोक शेजारच्या मरोळला निघालेत, देऊळही सोडायचं ठरलंय. पुढे छप्पर जाईल, भिंतींत झाडांची मुळं शिरतील, भोवती कारखाने उठतील आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात, जुन्या गावकऱ्यांचे वंशज इथे मिस्साला जमतील. एकच दिवस! मला हे फार थोडं वाटतं. ज्यांच्या वाडवडिलांचा बाप्तिस्मा इथे झाला, त्यांना इथे कधीही येता यायला हवं.

पण आत्ता काम आहे. मूर्ती निघाल्या, बाप्तिस्म्याचं कुंडही मरोळला न्यायचंय. तुम्ही तगडे दिसता, या, हात लावा. वाट निसरडी आहे, पाय जपून टाका. आणि त्या मागच्या दोघांना हाक मारा, आपल्याच्यानं उचलणार नाही.